स्टेशनवरची स्टेशनरी

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले कडा हे गाव इंग्रजीत चार अक्षरांत उरकते: के, ए, डी, ए. ही चार अक्षरे पाहून परगावचा पाहुणा ‘काडा’ म्हणतो, कुणी ‘कादा’ म्हणतो, आणि करोनाच्या काळात सुंठ-मिरी उकळून पोट जाळलेल्याला तर ‘काढा’च आठवतो. हिंदीवाल्याने ‘ड’खाली नुक्ता दिला, की सगळे गाव एका टिंबात कडक होते. छत्रपती संभाजीनगरात ‘कडा’ म्हटले, तर जुना माणूस सिंचनाच्या लाभक्षेत्र विकास प्राधिकरणाच्या कार्यालयाकडे बोट दाखवतो. त्याही कड्याचा उच्चार तोच, फक्त इंग्रजीत त्याची सुरुवात ‘सी’ने होते.

जिल्ह्याचे तरी कुठे ठरले होते? 1969 सालच्या सरकारी गॅझेटिअरच्या मुखपृष्ठावर हा जिल्हा ‘बी-एच-आय-आर’ आहे, 2011च्या जनगणनेत ‘बी-आय-डी’, आणि आज सर्रास ‘बी-डबल ई-डी’. पैकी मधल्या स्पेलिंगला इंग्रजीत अर्थ आहे: लिलावातली बोली. कांद्याचा भाव पडलेल्या दिवशी बाजारातून रिकाम्या खिशाने परतणाऱ्या शेतकऱ्याला तेच स्पेलिंग जास्त खरे वाटत असावे.

ज्या गावाला स्वतःच्या नावाची ही तऱ्हा पाहावी लागते, त्या गावाच्या दुकानांच्या पाट्यांना मात्र शहरातून आलेले लोक हसतात. फोटो काढतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात, खाली डोळ्यांत पाणी आलेले पिवळे तोंड चिकटवतात. त्यांचे सर्वांत आवडते गिऱ्हाईक म्हणजे ‘स्टेशनरी’. वह्या-पेनांच्या दुकानावर पेंटरने शेवटी ‘ई-आर-वाय’ऐवजी ‘ए-आर-वाय’ काढले, की अर्थ होतो ‘जागचे न हलणारे’. आता दुकान जागचे हलत नाही, हे खरेच आहे. तरी लोक हसतात.

गंमत अशी, की पेंटर फार चुकलेला नसतो. मध्ययुगीन युरोपात पुस्तके आणि कागद विकणारे बहुतेक जण डोक्यावर गाठोडे घेऊन गावोगाव हिंडत. जो एका जागी ठाण मांडून विकायचा, तो ‘स्टेशनर’. लंडनमध्ये अशा लोकांचा संघ 1403 साली उभा राहिला आणि 1557 साली त्याला राजाज्ञेची सनदही मिळाली. म्हणजे वह्या-पेनांची स्टेशनरी मुळात ‘जागचे न हलणे’ या एकाच खोडाची फांदी. पुढे दोघांना वेगळे ओळखता यावे म्हणून एकाला ‘ई’ दिली आणि दुसऱ्याला ‘ए’. भावांच्या वाटणीत बांध घातला, इतकेच.

‘ए’वाल्या शब्दाचा अर्थ मात्र कड्याच्या पोरांना शिकवावा लागत नाही. अहमदनगर-बीड-परळी या सुमारे 261 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला 1995-96 साली मंजुरी मिळाली. गाडी नगरहून कड्यावरून आष्टीला पोचली ती 23 सप्टेंबर 2022 रोजी. मधली सत्तावीस वर्षे रेल्वे होती, पण ‘ए’वाली होती. मुलांनी परीक्षेत हेच वाक्य उदाहरण म्हणून लिहिले, तर तपासनिसाने पूर्ण गुण द्यावेत.

कांद्याचे तर विचारूच नका. इंग्रजीत कांदा ‘ओ’ने सुरू होतो आणि संघटना ‘यू’ने. कुणा कांदा उत्पादकांच्या फलकावर ही दोन अक्षरे इकडची तिकडे झाली, तर इंग्रजी माध्यमात शिकलेला पुतण्या ओशाळतो. पण कांद्याचा इंग्रजी शब्द लॅटिन ‘युनिओ’वरून फ्रेंचांच्या तोंडून इंग्लंडात आला, आणि संघटना हा अर्थही त्याच लॅटिन मुळातला. पाकळीला पाकळी चिकटून एक झालेला, म्हणून तो कांदा. भाषाशास्त्राने जुळवलेली ही युती बाजारात मात्र टिकत नाही. भाव वधारला की आधी पाकळ्याच सुटतात.

शाळेच्या अर्जात ‘प्रिन्सिपल’ लिहिताना शेवटी ‘पी-एल-ई’ पडले, की अर्ज मुख्याध्यापकांना न जाता थेट तत्त्वाला जातो. मान्य, तत्त्वाकडून रजा मंजूर होऊन आल्याचे अद्याप कुणी पाहिलेले नाही. बँकेत हाच घोटाळा महागात पडेल. ‘पी-ए-एल’वाला शब्द म्हणजे मुद्दलसुद्धा, तिथे व्याज चढते, तत्त्वावर चढत नाही. गणपतीच्या स्मरणिकेत पानभर जाहिरात देणारा व्यापारी ‘शुभेच्छांसह’ या अर्थी जो इंग्रजी शब्द छापतो, त्यात मधल्या ‘आय’ऐवजी ‘ई’ आली, की तो शुभेच्छा न देता ‘पूरक भाग’ देऊन बसतो. पैसे भरून देतो, वर पावती घेतो. आणि वजन ‘लूज’ करून देणारे केंद्र आढळले, तर तिथे वजन कमी होणार नाही, ढिले होईल. जिज्ञासूंनी एक ‘ओ’ काढून टाकावा.

इतके सगळे ओशाळणे ज्या भाषेपायी, तिची वागणूक काय आहे? कर्जाला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यात एक मुकी ‘बी’ बसली आहे. तो शब्द फ्रेंचातून आला तेव्हा ती नव्हती. लॅटिनच्या प्रेमात पडलेल्या पंडितांनी मूळ ‘देबितुम’ची आठवण म्हणून ती मागाहून घुसडली, आणि तेव्हापासून इंग्रजीची पोरे न उच्चारता ती लिहीत आली आहेत. बेटाच्या इंग्रजी शब्दातला ‘एस’ही असाच उपरा. कड्याच्या शेतकऱ्याला मात्र यातले काही नवे नाही. कर्जात बी असते, आणि ते उगवेलच असे नाही, हे त्याला दर जूनमध्ये कळते. पंडितांनी चूक केली की ती व्युत्पत्ती होते, पेंटरने केली की फोटो होतो.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आली. म्हणजे तेव्हा सी-ए-टी कॅट घोकणारी पोरे आज स्वतः फ्लेक्सचा मजकूर ठरवतात. शिवाय कायद्यातील 2022च्या दुरुस्तीने दुकानाच्या पाटीवर मराठी आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरात आली. तेव्हा आता मोठ्या अक्षरात काय दिसते? ‘बालदीन’ साजरा होतो. बालकाचा दिवस ऱ्हस्व, दीर्घ केला की गरीब बिचारे बाळ. मराठीच्या लेखनाचे चौदा नियम 1962 साली मान्य झाले, 1972 साली चारांची भर पडून अठरा झाले. पण ‘बालदीन’चा फोटो कुणी फिरवत नाही. इंग्रजीत चुकणे म्हणजे अब्रू जाणे, मराठीत चुकणे म्हणजे घरचे प्रकरण.

खरी धास्ती वाटावी अशी स्पेलिंगे कोणत्याच शब्दकोशात नाहीत. ‘पवार’ हे आडनाव आधारवर ‘डब्ल्यू’ने, बँकेच्या पासबुकात ‘व्ही’ने आणि लेकीच्या दाखल्यात पहिल्या ‘ए’ऐवजी ‘ओ’ने असू शकते. ‘शेख’चे तर चार-पाच अवतार. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार रुपये तीन हप्त्यांत येतात, पण नाव जुळले तर. सातबाऱ्यावर देवनागरीत सुखाने नांदणारा माणूस रोमन लिपीत तीन माणसे होतो, आणि तिघांपैकी एकालाही हप्ता मिळत नाही. मग अक्षर-अक्षर बोटावर मोजत सेवा केंद्राच्या रांगेत तो उभा राहतो. इंग्लंडच्या राणीलाही कधी नव्हती, इतकी स्पेलिंगची काळजी त्याला असते.

“पाव्हणं, व्ही टाकू का डब्ल्यू?” संगणकामागून प्रश्न येतो.

“काय बी टाका, पर तिन्ही कागदांवर एकच टाका.”

त्यासाठी अर्थातच आधी एक प्रतिज्ञापत्र लागते, की वरील तिन्ही नावांचा इसम एकच आहे आणि तो मीच. ते इंग्रजीत टाइप होऊन येते. मथळ्यात ‘अ‍ॅफिडेव्हिट’च्या शेवटी ‘टी’च्या जागी ‘डी’ पडलेली असते. कुणी हसत नाही, फोटो काढत नाही. गोल शिक्का नेमका त्या ‘डी’वर बसतो आणि काम होते.