भाषणाची प्रमाणित प्रत

(भद्रावतीच्या एका सरकारी कार्यालयातून नुकतेच सेवानिवृत्त झालेल्या वरिष्ठ लिपिकांचं निरोप समारंभातलं हे भाषण. कार्यालय कोणतं ते विचारू नये. तशी नोंद अभिलेखात आढळून येत नाही.)

आदरणीय साहेब, मॅडम आणि नस्त्यांच्या ढिगाऱ्यामागून मान वर काढून बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मघाशी साहेबांनी माझा कारभार पारदर्शक होता असं सांगितलं. साहेब नवीन आहेत, त्यांचा राग धरू नका. पारदर्शकतेला माझा विरोध कधीच नव्हता जी. कोणी कोणापुढे उघडं व्हायचं, एवढंच मी नोकरीभर ठरवत आलो. जाता जाता ती विद्या तुमच्या हाती द्यावी म्हणतो.

आपल्या महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, २००२ साली माहिती अधिकाराचा कायदा केला. पुढे १२ ऑक्टोबर २००५ रोजी देशाचा कायदा लागू झाला, तेव्हा या हॉलमध्ये सुतक पडलं होतं. कोणीही यावं, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवावं, कारण सांगू नये आणि तीस दिवसांत उत्तर मागावं! नाही दिलं तर रोजचे २५० रुपये दंड, पंचवीस हजारांपर्यंत, तोही स्वतःच्या खिशातून. काहींनी तर स्वेच्छानिवृत्तीची चौकशी केली. मी म्हटलं, बाप्पा, घाबरता काऊन? कायदा त्यांनी लिहिला असेल, उत्तर तर आपणच लिहिणार आहोत ना?

आणि तसंच झालं. अर्ज आला की आधी कलम ६(३) दाखवून तो दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवावा. तिथून तो चंद्रपूर, नागपूर, मुंबई पाहून येतो. अर्जदार बिचारा तालुक्याबाहेर जात नाही, पण त्याचा अर्ज राज्य फिरतो. तरीही परत आलाच, तर 'माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने समक्ष अवलोकन करावे' असं कळवावं. मजुरी बुडवून तो एसटीने येतो, तेव्हा कपाटाची चावी ज्याच्याकडे असते तो दौऱ्यावर असतो. अवलोकनाचा पहिला तास फुकट असतो, तो चावी शोधण्यात संपवावा. सगळे उपाय थकले तर शेवटचं अस्त्र : 'सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही.' यात खोटं काय आहे? शोधलीच नाही तर आढळणार कुठून? मग पहिलं अपील आपल्याच साहेबांकडे, दुसरं माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. तारीख लागेपर्यंत अर्जदाराच्या पोराचं लग्न होतं आणि आपली बदली.

२०१२ साली सरकारने आपल्यावर आणखी एक उपकार केला. अर्ज एकाच विषयावर हवा आणि मजकूर १५० शब्दांत. या नियमाचं मोल भद्रावतीइतकं कोणाला कळणार? नव्वदच्या दशकात केंद्राने आठ 'फास्ट ट्रॅक' वीज प्रकल्पांची यादी काढली. त्यातलं दाभोळचं एन्रॉन सगळ्या देशाला ठाऊक आहे. त्याच यादीत आपली भद्रावतीही होती. निप्पॉन डेन्ड्रोच्या विजेसाठी इथली हजारभर हेक्टर वावरं गेली. वीज आली नाही. कंपनी दिसेनाशी झाली, जमीन मात्र धन्याकडे परतली नाही. नंतर त्याच जमिनीसाठी नवनव्या कारखान्यांची नावं पेपरात येत राहिली.

एक म्हातारबा माझ्या टेबलापाशी यायचे. "माह्या वावराचं काय झालं जी?" मी समजावून सांगितलं : जमीन कशासाठी घेतली, हा एक विषय. प्रकल्प का झाला नाही, हा दुसरा. जमीन आज कोणाच्या ताब्यात आहे, हा तिसरा. नव्या कंपनीला ती काय भावाने जाणार, हा चौथा. चार विषय, चार अर्ज, चाळीस रुपये, आणि प्रत्येकी दीडशे शब्द. म्हातारबा म्हणाले, "मले एवढे शब्द येतच नाई." नियमात बसणारा असा अर्जदार मी दुसरा पाहिला नाही.

जनसुनावणीची कला शेजारच्या जिल्ह्याकडून शिका. नियम म्हणतो, सुनावणी प्रकल्पाच्या जागेवर किंवा अगदी जवळ घ्या. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. दार कोणासाठी बंद नव्हतं, फक्त घरापासून लांब होतं. उघड्या दाराला नावं कोण ठेवणार?

आता कोणी म्हणेल, भाऊ, काही गोष्टी झाकायलाच हव्यात की नाही? हव्यात ना! आपल्याच तालुक्यात ताडोब्याचं मोहर्ली गेट आहे. आत पर्यटकाला मोबाइल वापरता येत नाही. वाघीण पिल्लं घेऊन कुठल्या नाल्यात बसली आहे ते एका गाडीतून दुसऱ्या गाडीला कळलं, तर तिथं जिप्स्यांची जत्रा भरते. शिकाऱ्याला कळलं तर त्याहून वाईट. म्हणून तिचा पत्ता झाकतात. पण लक्षात घ्या, तो वाघिणीसाठी झाकतात, वनखात्याच्या साहेबासाठी नाही. आपल्या ऑफिसात हा फरक फार काटेकोरपणे पाळला जात नाही, हेच आपलं बलस्थान.

झाकण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे माहिती मागणाऱ्याचं नाव. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे घोटाळे बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. इथं मी कुठलीही युक्ती सांगणार नाही. एवढंच विचारतो, ठेकेदाराच्या बिलाबद्दल कोणी अर्ज टाकला की त्याचं नाव, गाव, मोबाइल नंबर ठेकेदारापर्यंत किती वेळात पोचतो? तिथं तीस दिवस लागलेले मी पाहिले नाहीत.

थोडक्यात सूत्र पाठ करा. ज्याच्या हाती सत्ता, त्याचं झाकावं. ज्याच्या हाती काही नाही, त्याचं भिंतीवर लावावं. २०२० साली कर्जमुक्तीच्या याद्या गावोगाव लागल्या. कोण थकीत आहे ते अख्ख्या गावाने बोट फिरवत वाचलं. त्याच वर्षी राजकीय पक्षांना निवडणूक रोख्यांतून देणग्या मिळत होत्या आणि देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणं हाच त्या योजनेचा आत्मा होता. शेतकऱ्याने बँकेचं किती बुडवलं ते ग्रामपंचायतीला कळावं, उद्योगपतीने पक्षाला किती दिलं ते मतदाराला कळू नये, अशी सहा वर्षं सुखाने गेली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. न्यायालयाला आपल्यासारखा अनुभवी लिपिक मिळाला नाही, दुसरं काय!

एका गावापासून मात्र सावध राहा. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते ग्रामसभेकडे आला. तिथं बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमती व्हावी लागते. एकाचं अडलं तरी पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात. फार वेळ जातो. पण निर्णय घेणारा आणि माहिती मागणारा एकाच सतरंजीवर बसलेला असतो, त्यामुळे ना अर्ज, ना अपील, ना तिकीट. हा रोग पसरला तर आपल्या पोराबाळांनी खायचं काय?

पण निराश होऊ नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अंमलात आला. आधी त्या कलमातच व्यापक जनहिताची अट होती आणि 'जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही' असा एक त्रासदायक जोड होता. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हटलं की पुरे. कोणाची बदली का झाली, कोणाचं जातप्रमाणपत्र कसं निघालं, कोणावरची चौकशी कशी मिटली, सगळं वैयक्तिक. जनहितासाठी कलम ८(२) अजून शिल्लक आहे म्हणतात. असू दे. तिथपर्यंत वाचत येणारा अर्जदार अजून आपल्या काउंटरला यायचा आहे.

तर मंडळी, हे सगळं सांभाळा. माझी एकच विनंती आहे. आजच्या कार्यक्रमासाठी वर्गणी काढल्याचं माझ्या कानावर आलं. कोणी किती दिले, कोणी दिलेच नाहीत आणि जमलेल्यातून खर्च किती झाला, ती यादी मला आजच्या आज द्या. विषय एकच आहे आणि शब्दही दीडशेच्या आत आहेत.