शाळा पुढच्या स्टेशनवर

आमच्या मावळात शाळेचा दर्जा किलोमीटरमध्ये मोजतात. घरापासून जितकी लांब, तितकी शाळा चांगली. लोणावळ्याच्या पालकाला तळेगावची शाळा हवी असते, तळेगावकराचा डोळा निगडी-चिंचवडवर असतो आणि चिंचवडकराला पुणे खुणावतं. पुण्यामुंबईत ज्यांना परवडतं, ते पोराला निवासी शाळेत घालतात आणि ती निघते लोणावळ्यात! फिरून फिरून भोपळे चौकात. मधल्या मध्ये फी तेवढी वाढते.

प्रवेशाच्या दिवसांत पुण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये बसून पाहा. मळवलीला विषय निघतो आणि बेगडेवाडी येईपर्यंत निम्म्या तालुक्यातल्या शाळा नापास झालेल्या असतात. बोर्ड कोणतं, बस एसी आहे का, टाय रोज की फक्त सोमवारी, असे गहन प्रश्न निघतात. परवा एक भाऊ अभिमानाने सांगत होते, "आमच्याकडे पहिलीपासून रोबोटिक्स आहे."

"आणि पाढे?" समोरच्या मावशींनी विचारलं.

"ते घरी घ्यावे लागतात."

महागड्या शाळांची माहितीपत्रकं मी आवडीने वाचतो. त्यात घोडेस्वारी असते, व्हायोलिन असतं आणि पोहण्याचा तलाव हमखास असतो. लोणावळ्याच्या जुलैत पोहण्याचे वेगळे पैसे मागायला छाती लागते, कारण तेव्हा मैदानातही पोहता येतं. त्यातच शनिवारी पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे. शुक्रवारी रात्री ते बूट गॅसजवळ वाळत असतात, शनिवारी सकाळी पांढरे असतात आणि शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत भाताच्या खाचरातून काढल्यासारखे होतात. हा नियम करणाऱ्याने मावळातला पाऊस फक्त भुशी डॅमच्या फोटोत पाहिला असावा.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. कायदा 2009 चा, हेतू उत्तम. पण पालकांच्या लेखी तोच त्या शाळेचा दोष! चालत जाता येतं, पुस्तकं फुकट मिळतात, दुपारी खिचडी मिळते, ती शाळा चांगली असेलच कशी? शिवाय तिथल्या बाई रोज भाजी घेताना भेटतात. ज्यांना आपण कोथिंबिरीसाठी घासाघीस करताना पाहिलंय, त्या आपल्या पोराला काय शिकवणार?

आमच्यासारखी माणसं जिल्हा परिषदेच्या शाळेत पाऊल टाकतात ते मतदानाला. गेल्या खेपेला मी रांगेत उभा होतो, तर पायाखाली फरशीवर संख्यारेषा रंगवलेली. रांग सरके तसे आम्ही एकेक अंकाने पुढे. अकरावर एक साहेब, बारावर मी. भिंतीला मुळाक्षरं, तारेत ओवलेले मणी आणि दाराशी मुलांनी वळणदार अक्षरात लिहिलेला सुविचार. साहेब म्हणाले, "बरंच काहीतरी करतात की इथे!" ज्यांनी ते केलं होतं ते गुरुजी त्या दिवशी दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेत मतदान घेत असणार. कोपऱ्यात छताच्या गळतीचा डागही होता. छोट्या वाडीवर दोन शिक्षक आणि चार इयत्ता असतात, वर ऑनलाइन माहिती भरायचं काम असतं, हेही खरंच.

तरीही चमत्कार घडतात. शेजारच्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने 2025 मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. त्यामागचे दत्तात्रय वारे गुरुजी आधी शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेत होते. तिथे प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागायची. हे मी लोकलमध्ये सांगितलं, तर एका गृहस्थांनी लगेच विचारलं, "खेडला फ्लॅटचा भाव काय चाललाय?" घरामागच्या शाळेत डोकावून यावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

मावळानेही एके काळी असा मान पाहिलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रा. विष्णू गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय तळेगावात राष्ट्रीय शिक्षण देत होतं. त्याचा दर्जा सरकारने इतका अचूक ओळखला, की 1910 मध्ये ते बंदच पाडलं. त्यानंतर सरकारने एवढ्या मनापासून दखल घेतल्याची शाळा माझ्या तरी ऐकिवात नाही.

तेव्हा पालकहो, शाळांची तुलना जरूर करा, पण माहितीपत्रकावरून नको. 'असर' या शैक्षणिक पाहणीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं करतात तेवढं करा. पाचवीतल्या मुलापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवा आणि वाचायला सांगा. लाखभर फी घेणाऱ्या शाळेतल्या पोरापुढे ठेवा आणि फुकटच्या शाळेतल्याही. उत्तर टायमध्ये नाही, वाचण्यात मिळेल. जुलैतच जा, म्हणजे छताचीही परीक्षा होईल. सुरुवात घराजवळच्या शाळेपासून करा, आणि त्यासाठी पुढच्या निवडणुकीची वाट बघू नका.