अंशतः खरे आहे

ट्रॉम्बे कोळीवाड्याच्या धक्क्यावरचा एक दिवा बंद पडला आहे, असे समजा. समजाच म्हणतो, कारण खरोखरचा बंद दिवा धरून लिहायला बसलो तर तो नेमका छापून यायच्या दिवशी लागायचा आणि सदर तोंडघशी पडायचे. शिवाय दिवा कोणाचा, हे आधी ठरायला हवे, आणि ट्रॉम्ब्यात ते ठरवणे म्हणजे खायचे काम नाही.

या गावाला मालकांची कधी वाण पडली नाही. १९५४ साली अणुऊर्जेचे काम इथे आले, १९५६ च्या ऑगस्टात आशियातली पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ इथेच सुरू झाली. टाटांचे वीजकेंद्र त्याच सुमाराचे. शेजारी माहुलकडे तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने, चेंबूरच्या वाटेवर खतांचा. अर्ध्या मुंबईचे दिवे ज्याच्या जिवावर लागतात त्या गावाच्या धक्क्यावर कोळणी मोबाइलची बॅटरी दातांत धरून कोळंबी निवडतात, असे आपल्या या समजातले दृश्य आहे. आता दाद मागायची कुणाकडे? खांब पालिकेचा म्हणावा, तर धक्का दुसऱ्याच खात्याचा निघणार. पाणी बंदरवाल्यांचे, कडेची तिवरे कांदळवन कक्षाची, मधली चिखलाची पट्टी जिल्हाधिकाऱ्यांची, आणि भिंतीपलीकडचे सगळे केंद्र सरकारचे, म्हणजे विचारायचेच नाही. खाडीत उतरणारे फ्लेमिंगोसुद्धा वनखात्याचे. २०१५ पासून त्यांना अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसरचा आंतरराष्ट्रीय दर्जाही. उरले काय, तर निवट्या आणि कोळी. त्यांच्यावर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही.

सरकारला घाई असली की मालकीचा घोळ चुटकीसरशी मिटतो, हेही याच गावाने पाहिले आहे. १९७६ साली अणुकेंद्राजवळची जनता कॉलनी उठवून माणसे चिता कॅम्पात नेऊन टाकली, तेव्हा कोणत्याही दोन खात्यांत पत्रव्यवहार अडकल्याचे ऐकिवात नाही. दिलेले काढून घ्यायलाही वेळ लागत नाही: १९२८ साली ट्रॉम्ब्याहून थेट अंधेरीपर्यंत रेल्वे धावू लागली होती. सहा वर्षांत, १९३४ साली, ती बंद झाली. तेव्हापासून ट्रॉम्बेकर मानखुर्दच्या बसची वाट पाहत उभा आहे. नव्वद वर्षांच्या मानाने तो फार शांत आहे.

तर दिवा. पूर्वी असला विषय नगरसेवकाचा होता. नगरसेवक चहाच्या टपरीवर सापडायचा, न सापडला तर त्याचा मेव्हणा सापडायचा. मार्च २०२२ मध्ये मुंबई पालिकेची मुदत संपली, प्रशासक बसले आणि पुढची जवळजवळ चार वर्षे देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. या काळात गटारे तुंबायची थांबली नाहीत. फक्त तक्रारीला बसायला खालची पायरी उरली नाही. मग ती वर चढू लागली. वॉर्डातून विधानसभेच्या आमदाराकडे. तो बिचारा पक्षाचे नाव कोणाचे, चिन्ह कोणाचे आणि आपण नक्की कोणाचे, या तीन प्रश्नांत दोन वर्षे गुंतलेला. म्हणून आणखी वर, विधान परिषदेत.

या परिषदेला वरिष्ठ सभागृह म्हणतात. ७८ जागा. ३० जण आमदार निवडून देतात, २२ जण स्थानिक संस्थांचे लोकप्रतिनिधी, सात पदवीधर, सात शिक्षक, आणि १२ जण राज्यपाल नेमतात. धक्क्यावरच्या कोळणीला या ७८ पैकी एकासाठीही मत देता येत नाही. तिची मुलगी पदवीधर असेल आणि तिने मुदतीत अर्ज भरून नाव नोंदवले असेल, तर तेवढी गोष्ट वेगळी. राज्यपालांच्या १२ जागांसाठी मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये नावे पाठवली होती. राजभवनावर ती इतकी जपून ठेवली गेली की पुढे मुख्यमंत्री बदलले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शपथ घ्यायला सात जण आले ते वेगळेच. मधल्या काळात सभापतिपदही जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत रिकामे होते, गाडा उपसभापतींनी ओढला. पालिकेत नगरसेवक नाहीत, परिषदेत बारा नाहीत, वर सभापती नाहीत. अशा रिकाम्या जिन्याने एक बंद दिवा वर निघाला होता, हे ध्यानात घ्यावे.

आता कोणी म्हणेल, वरिष्ठ सभागृहात दिव्याचा खांब? शोभते का? आमच्याकडच्या इंग्रजी अग्रलेखांना हे अजिबात शोभत नाही. ‘ज्येष्ठांच्या सभेत गटारगप्पा’ असा मथळा त्यांच्या खिशात तयार असतो. त्यांच्या माहितीसाठी सांगतो की आयर्लंडच्या सिनेटमध्ये ६० सदस्य आहेत आणि त्यातल्या खेड्यापाड्यांतल्या सदस्यांचे निम्मे काम हेच असते: बंद पडलेले पोस्ट, न येणारी बस, गावात नसलेला डॉक्टर, खड्डा. सभागृहाचे काम सुरू होताना असे विषय मांडायची तिथे रीतसर सोय आहे आणि सरकारच्या वतीने मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. २०१३ च्या ऑक्टोबरात तिथल्या सरकारने जनतेला विचारले, हे सभागृह काढून टाकूया का, खर्च वाचेल. ५१.७ टक्के लोक म्हणाले, असू द्या. मला वाटते, त्यातल्या पाचदहा टक्क्यांचा तरी खड्डा कोणीतरी बुजवला असणार.

आणि लांब कशाला जायचे? गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली कलकत्त्याच्या कौन्सिलात व्हाइसरॉयसमोर अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी साम्राज्याच्या तिजोरीतली शिल्लक पुढे करून मिठावरच्या कराचा विषय काढला. मीठ! पुढच्याच वर्षी तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. आपल्या याच परिषदेचे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे सभापती असलेले वि. स. पागे यांनी गावातल्या रिकाम्या हाताला काम द्या, एवढाच साधा विषय लावून धरला. १९६५ साली तासगावात तो करून पाहिला गेला, ७२ च्या दुष्काळात राज्यभर गेला, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. ज्येष्ठांच्या सभेने मीठ आणि कुदळ हाताळली आहे. दिव्याने तिचे काही बिघडणार नाही.

आमचे परिषदेतले आमदार (हेही समजातलेच, ओळख पटल्यास तो योगायोग आणि पटली नाही तर दुर्दैव) भले गृहस्थ आहेत. लेटरहेड स्वतःच्या खर्चाने छापतात. कोळीवाड्यात आले, तेव्हा एका मावशीने त्यांच्यापुढे तळहात धरला. कोळंबीच्या नांग्यांनी आणि चिंबोरीच्या आकड्यांनी चिरलेला. “काळोखात दिसत नाय साहेब, नि बोलतात जाऊन ऑनलाइन तक्रार करा.” साहेबांनी हात पाहिला आणि वहीत लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी ‘दिव्याच्या मागणीसाठी आमदारसाहेबांचा आक्रमक पवित्रा’ असा फ्लेक्स लागला. तो लावायला गल्लीत दुसरा खांब नव्हता, म्हणून त्याच बंद दिव्याच्या खांबाला. फ्लेक्सवर मात्र कार्यकर्त्यांनी हॅलोजन सोडला होता. तीन रात्री मासळी बरी निवडली गेली. चौथ्या दिवशी वाढदिवसाचा फ्लेक्स चढवायला घाटल्याला नेला, हॅलोजनसकट.

मग तारांकित प्रश्न दाखल झाला. ज्यांनी हे वाङ्मय वाचलेले नाही त्यांच्यासाठी नमुना देतो:

“(१) ट्रॉम्बे कोळीवाडा (जि. मुंबई उपनगर) येथील मासेमारी धक्क्यावरील पथदिवा बंद असल्याचे माहे ऑक्टोबरमध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, अंधारामुळे मासळी निवडणाऱ्या महिलांच्या हातांस इजा होत आहे, हेही खरे आहे काय, (३) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

प्रश्न मुंबईच्या धक्क्यावरचा. पाळी आली नागपुरात. नागपूर कराराच्या कृपेने डिसेंबरात सरकार विदर्भात असते. म्हणून ट्रॉम्ब्याचा खांब फायलीत बसून नागपूरला गेला. फायलीबरोबर एक कार्यकारी अभियंता, एक उपअभियंता आणि ऐनवेळी मंत्रिमहोदयांना चिठ्ठी सरकवायला एक कक्ष अधिकारी. तिघांचा प्रवासभत्ता मी काढायला घेतला होता, पण दिव्याच्या किमतीशी तुलना करावी लागेल या भीतीने सोडून दिला. परतीच्या पिशवीत संत्रा बर्फी होती, एवढे नक्की.

उत्तर छापून आले:

“(१) हे अंशतः खरे आहे. (२) हे खरे नाही. (३) सदर धक्क्याची मालकी निश्चित करण्याबाबत संबंधित विभागांकडून अभिप्राय मागविण्यात आले आहेत. (४) विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही.”

या ‘अंशतः’वर मी मनापासून प्रेम करतो. खांब आहे, खांबावर दिवा आहे, दिव्यात बल्बही आहे. फक्त उजेड पडत नाही. चारातल्या तीन गोष्टी जागेवर असताना दिवा बंद आहे असे सरसकट म्हणणे हा शासनावर अन्यायच नाही का? महाराष्ट्र राज्याचा कारभार गेली कित्येक वर्षे या एका शब्दावर चालला आहे. शाळा अंशतः पडते, पूल अंशतः खचतो. औषधे अंशतः संपतात आणि रुग्ण पूर्ण मरतो, पण त्याचा मृत्यू औषधांअभावी झाला, हे खरे नसते. उत्तर लिहिणारा जो कोणी कारकून मंत्रालयाच्या कुठल्या मजल्यावर बसतो, त्याचा खरे तर साहित्य संमेलनात सत्कार व्हायला हवा. इतके कमी शब्द वापरून इतके कमी सांगणे भल्याभल्या कवींना जमलेले नाही.

उपप्रश्नांना तोंड फुटले. आमच्या साहेबांनी विचारले, तीनच शब्दांत सांगा, दिवा कधी लागेल? मंत्रिमहोदय म्हणाले, सन्माननीय सदस्यांची भावना लक्षात घेतली आहे. हे सहा झाले. सिंधुदुर्गाकडच्या एका सदस्यांनी उठून सांगितले की आमच्याकडे तर खांबच नाही, तेव्हा मुंबईचे लाड किती पुरवायचे? मराठवाड्यातले एक म्हणाले, आमच्याकडे खांब आहे, वीज आहे, पण धक्का नाही. त्यांना कोणीतरी सांगितले की तुमच्याकडे समुद्र नाही. हा मराठवाड्याचा अनुशेष असल्याचे त्यांनी सांगताच बाके वाजली. विरोधकांनी नियम २८९ काढला, पीठासीन अधिकाऱ्यांनी तो नाकारला, आणि गोंधळात सभागृह दहा मिनिटांसाठी तहकूब झाले. पुन्हा भरले तेव्हा दिवा मागे पडून अवकाळी पाऊस पुढे आला होता. मात्र तत्पूर्वी मंत्र्यांच्या तोंडून एक वाक्य निसटले होते: “अधिवेशन संपल्यापासून महिनाभरात संयुक्त पाहणी केली जाईल.” सभागृहातले असे वाक्य हवेत विरत नाही. आश्वासन समिती नावाची एक समिती ते उचलून कपाटात ठेवते, आणि कपाट भरले की मुदतवाढ देते.

संयुक्त पाहणी झाली, हे मान्य करायला हवे. सात खात्यांचे अधिकारी आले. ओहोटी होती, चिखलाचा वास होता, म्हणून दोघे गाडीतून उतरले नाहीत. बाकीच्यांनी खांबाला हात लावून पाहिला, वर मान करून बल्ब पाहिला, एकाने फोटो काढला. त्या वेळी दुपारचे दीड वाजले होते. अहवालात नोंद आली ती अशी: “पाहणीसमयी धक्क्यावर पुरेसा प्रकाश असल्याचे आढळून आले.” खाली सात सह्या.

इथे कोणी आमच्या आमदारांना हसेल, तर मी त्याच्याशी भांडेन. एवढ्या माणसांत खांब पाहायला रात्री आलेला तोच एक होता. त्याला बोलता येत नाही, त्याच्या फ्लेक्सवरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा आहे, आणि शक्तिपीठ महामार्गापासून धारावीच्या पुनर्विकासापर्यंतच्या मोठमोठ्या चर्चांत तो झोपलेला दिसतो. मोठे विषय त्याला विचारून होतात कुठे? मुलुंड-भांडुपची मिठागरे कोणाला द्यायची, हे ठरते तेव्हा त्या बैठकीला त्याला कोणी बोलावत नाही. जो विषय उचलायची मुभा त्याला आहे, तो त्याने उचलला. राज्याच्या सर्वांत वरच्या सभागृहात एका बाईचा चिरलेला तळहात इतिवृत्तात नोंदला गेला. “हे खरे नाही” असा शेरा मिळून का होईना, पण नोंदला गेला.

साहेब तो अहवाल घेऊन धक्क्यावर आले. १ जूनची मासेमारी बंदी लागायला आठवडा होता, होड्या वर ओढायची गडबड सुरू होती. मावशीने कागद उलटसुलट करून पाहिला, सात सह्या मोजल्या आणि जाळ्याच्या ढिगावर ठेवून दिला.

“राहू द्या आता तो दिवा,” ती म्हणाली. “पावसात कोण येतंय हितं? तुम्ही असं करा साहेब, गाळाचं बघा. होडी लागत नाय धक्क्याला. तो विषय वरच्या सभेत चालतो का खालच्या?”

साहेबांनी वही काढली. “दोन्हीकडे चालतो,” ते म्हणाले, “पण आधी मला सांगा, गाळ ओला आहे की सुका? खातं वेगळं पडतं.”