असेल!

इटालियन शिकायला बसलेल्या पुणेकराला भविष्यकाळ लवकर कळतो, असं माझं मत आहे. रूपं पाठ करताना त्याचीही दमछाक होते. पण त्यांचा उपयोग त्याला समजावून सांगावा लागत नाही.

कारण इटालियन माणूस उद्या मिलानला जायचं असलं, तरी 'उद्या जातो' असं वर्तमानकाळातच सांगून मोकळा होतो, अगदी आपल्यासारखा. भविष्यकाळ त्याला हमखास लागतो तो अंदाज बांधायला. भर दुपारी बेल वाजली की 'की सरा?' म्हणजे 'कोण असेल?'. घड्याळ लांब असलं की 'सरान्नो ले त्रे', तीन वाजले असतील. मुलं एव्हाना जेवली असतील, हेही भविष्यातच, हात धुऊन तास झाला असला तरी.

आपल्या शहराला इटलीची ओळख झाली ती स्कूटरमुळे. १९६०च्या दशकात बजाज आकुर्डीत परवान्यावर व्हेस्पा बनवत होते, आणि नंबर लावलेले लोक 'आपली निघाली असेल का हो?' असं एकमेकांना विचारत वर्षं काढत होते. काळ तोच!

खरी गंमत मात्र नुसत्या 'सरा'ची. समोरचा काहीतरी छातीठोकपणे सांगतो, आणि ऐकणारा आवाज किंचित लांबवत म्हणतो, 'सरा...' म्हणजे तू म्हणतोस तर असेल, मला पटलेलं नाही, आणि वाद घालायची हौसही नाही. सदाशिव पेठेत हे रोज ऐकू येतं.

"खडकवासला भरलं. पेपरात आलंय."

"असेल."

नळाला पाणी नसलेल्या माणसाचं हे उत्तर. 'खोटं आहे' म्हटलं असतं तर तासभर चर्चा रंगली असती. 'असेल'पुढे बोलायचं काय?

एका बाबतीत मात्र आपण पुढे आहोत. नुसता अंदाज असला तर आपण 'असेल' म्हणतो. चपला दिसल्या, खोकला ऐकू आला, म्हणजे पुरावा हाती लागला, की विध्यर्थातलं 'असावेत' काढतो. 'काका आले असावेत.' इटालियनला तिथे दुसऱ्या क्रियापदाचा टेकू घ्यावा लागतो. उलट ऐकीव बातमीसाठी तिथली वर्तमानपत्रं क्रियापदच संकेतार्थात वळवतात. आपलं एका 'म्हणे'वर भागतं.

इटलीला निघालेल्या पुणेकरांनी तेव्हा फार घोकंपट्टी करू नये. 'सरा' तेवढं पाठ करावं. जोर शेवटच्या 'रा'वर द्यायचा.