जावयाची हायब्रिड

पुण्याहून वसमतला जायचं म्हणजे नगर, संभाजीनगर, जालना, मंठा, जिंतूर अशी गावं मागं टाकत जायचं. दाजींच्या शेजारी बसून जायचं असेल तर प्रत्येक गावाला ॲव्हरेजही ऐकायचं. "जालना, तेवीस पॉइंट चार." "मंठा, तेवीस पॉइंट नऊ." जिंतूरच्या अलीकडं पुढं उसाची ट्रॉली लागली आणि आकडा घसरला, तेव्हा घरातलं कुणी आजारी पडल्यासारखे दाजी गप्प झाले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव आमचं, त्यामुळं ते गावाचे जावई. आमच्याकडं जावयाला कुणी हसत नाही. फारच हसू आलं तर माणसं उठून बैलांना पाणी दाखवायला जातात.

वाटेत औंढ्याला थांबलो. नागनाथाचं लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे. अरुंद वाटेनं, अंग चोरून, वाकून उतरावं लागतं. दाजी मध्येच अडकले आणि मागच्या रांगेनं हर हर महादेव करून त्यांना मार्गी लावलं. देवळासमोर कीर्तन करायला मनाई झाली म्हणून नामदेव महाराज मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि देवळानंच तोंड फिरवलं, ही इथलीच कथा. पटत नसेल त्याला मागच्या बाजूचा नंदी दाखवतात. त्याच तालुक्यात दुधाळ्याला लायगोची वेधशाळा होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं आदळली की प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही बारीक थरथर त्या टिपणार. "आपल्या गाडीतसुद्धा असेच सेन्सर आहेत," दाजी म्हणाले. मी खिडकीबाहेर बघितलं. बैल नव्हते.

गावात हळदीचे दिवस होते. कुकरमधून शिजून निघालेली हळकुंडं अंगणभर वाळत पडलेली, पलीकडं पॉलिशचा ढोल खडखडतोय, माणसं भुवयांपर्यंत पिवळी. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते प्रत्येक नाकपुडीला कळत होतं. दाजींनी गाडी रिव्हर्स कॅमेऱ्याच्या भरवशावर मागं घेत घेत भिंतीला टेकवून लावली. दुसऱ्या दिवशी दोन्ही अंगांना हळदीच्या पोत्यांची थप्पी लागली. आयता आडोसा कोण सोडतो?

संध्याकाळी दाजी गाडीत बसून गावाला पडदा दाखवायचे. गाणी लागायची, नकाशा उघडायचा, मागच्या सीटवर पोरं. खटका इथंच आहे. हायब्रिड गाडी चालू असली तरी आवाज करत नाही आणि बंद असली तरी करत नाही. 'रेडी'चा दिवा लागला असेल तरच ती चालू. तो दिवा नसताना गाणी वाजतात ती सगळी छोट्या बॅटरीच्या जिवावर.

निघायच्या आदल्या दिवशी बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"वीज संपली असंल," काका म्हणाले.

दाजींनी त्यांना समजावलं, आणि ते समजावणं खरंच चांगलं होतं. या गाडीत बॅटऱ्या दोन. मोठी दोनशेच्या आसपास व्होल्टची. गाडी ओढायला मदत करते, एंजिनही तीच फिरवते. छोटी बारा व्होल्टची, साधी. तिचं काम कॉम्प्युटर जागा करायचं आणि मोठीचे रिले जोडायचं. छोटी मेली की मोठी भरलेली असूनही कुणाच्या उपयोगाची नाही.

"म्हंजे तहसीलदार हजर, शिक्का हजर, अन् कपाटाची चावी घिऊन शिपाई रजेवर," काका म्हणाले. पुढं कुणाला समजावायची गरज पडली नाही.

एंजिन फिरवायचा भार छोटीवर नाही, म्हणून तिला एंजिनाजवळ ठेवायचीही गरज नसते. कंपन्या तिला जागा मिळेल तिथं कोंबतात. या गाडीत ती डिकीत, एका कोपऱ्यात, प्लास्टिकच्या झाकणाखाली. डिकी उघडते विजेवर. वीज डिकीत. गाडी पुढं ढकलावी तर गिअर 'पी'मध्ये अडकलेला आणि हँडब्रेकही विजेचा. काकूंनी पदर तोंडाला लावला. "नामदेवासाठी अख्खं देऊळ फिरलं, अन् हिला वीतभर सरकायला येईना," असं म्हणून त्या चुलीकडं गेल्या.

वसमतहून इलेक्ट्रिशियन आला. आल्या आल्या तो बॉनेटकडं निघाला.

"तिकडं नाही हो, डिकीत आहे," दाजी म्हणाले.

"व्हय, पण…"

"डिकीत."

तो डिकीकडं वळला. नारंगी वायरींना हात लावणार नाही, एवढं आधीच सांगून टाकलं. बरोबरच होतं. नारंगी म्हणजे मोठ्या बॅटरीचा प्रवाह, तिथं धाडस करायचं नसतं. मग रिमोटच्या पोटातली लोखंडी चावी निघाली, पुढचं दार उघडलं, मागची सीट पाडली आणि इलेक्ट्रिशियनचा पोऱ्या आत सरपटला. डिकीत सासुरवाडीची भेट आधीच भरलेली होती: हळदीचं पोतं, ज्वारी, पापडांचा डबा. पोऱ्या त्यावर पालथा. फक्त तळवे दिसत होते.

"दाजी, इथं पापड हैत."

"त्याच्या खाली."

"आता नाहीत."

शेवटी झाकण निघालं. मीटर दहाच्याही खाली. भरलेली बॅटरी साडेबाराच्या वर दाखवते. लाल चिमटा प्लसला, काळा बॉडीच्या उघड्या लोखंडाला, चार्जर चार अँपिअरवर. ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावतात तो दांडगा चार्जर काकांनी पुढं केला होता, पण या बॅटरीला ती घाई सोसत नाही. चार अँपिअरनं रात्रभर, हा हिशेब ठरला. वायर दारातून घेतली, म्हणून दार उघडं, म्हणून आतला दिवा चालू, म्हणून भरलेली वीज दिव्यातच. इलेक्ट्रिशियननं दाराच्या कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरनं दाबली. दार लागलं अशी गाडीची खात्री पटली. इतकी हुशार गाडी, पण भोळी.

जेवणं झाली आणि लाईट गेली. दाजींनी चार्जर इन्व्हर्टरवर घेतला.

"इन्व्हर्टरची बॅटरी किती व्होल्टची?" काकांनी विचारलं.

"बारा."

"तिचे करायचे दोनशे तीस. अन् त्याचे पुन्हा बारा."

"हो."

काका बैलांना पाणी दाखवायला गेले. रात्री दहा वाजता.

मध्यरात्रीनंतर कधीतरी गाडीत पुरता जीव आला. आपल्याला अंधारात, पोत्यांच्या गराड्यात, वायर लावून ठेवलंय हे कळल्याबरोबर तिनं चोर आल्याचा अलार्म केला. गल्लीतली कुत्री उठली, मग गल्ली. हळद राखायला झोपलेले दोन गडी काठ्या घेऊन आले आणि त्यांना सरपटत बाहेर येणारे दाजी सापडले. अंधारात जावई ओळखू येत नाही. तरी त्यांनी वेळेत ओळखलं.

सकाळी बटण दाबलं आणि 'रेडी' लागलं. गाडी वीतभर सरकली, डिकी उघडली, पापडांचा चुरा बाहेर आला. आता तासभर ती तशीच राहू द्यायची, म्हणजे मोठी बॅटरी छोटीला आपणच भरते.

त्या तासाभरात काकांची बारावीतली नात गाडीचं पुस्तक चाळत बसली होती.

"मामा," तिनं दाजींना विचारलं, "बॉनेटखाली लाल टोपणाचं टर्मिनल असतंय म्हणं, बारा व्होल्टचं. डिकी उघडायची गरज नाही असं लिव्हलंय. बॉनेट हातानं उघडतंय का?"

बॉनेट हातानं उघडत होतं. लाल टोपण समोरच होतं.

इलेक्ट्रिशियन चार्जर न्यायला आला होता. दाजींनी त्याच्याकडं बघितलं.

"मला ठावं होतं की," तो वायर गुंडाळत म्हणाला. "पण तुम्ही डिकी म्हणलात. जावयाला नाही कसं म्हणावं?"