रांगेचे मालक

बोरघाटात टोमॅटोचा ट्रक आडवा झाला, की सगळ्यात आधी महामार्ग पोलीस पोचतात. लाल शंकू मांडतात, शिट्ट्या फुंकतात, मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्यांना "ओ दादा, गाडी पुढं घ्या" म्हणून हाकलतात. पण आधी पोचलं म्हणून अपघात त्यांचा होत नाही. रस्ता एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा. गुन्हा नोंदवायचा स्थानिक पोलीस ठाण्याने. ट्रकच्या ब्रेकचं काय ते आरटीओ बघणार. जखमी १०८ रुग्णवाहिकेच्या ताब्यात. टोमॅटो पंचनाम्याआधीच पब्लिकच्या पिशव्यांत. या वाटपात महामार्ग पोलिसांच्या नावावर निर्वेध चढते ती एकच स्थावर मालमत्ता, मागे लागलेली रांग. स्थावर अशासाठी, की ती हलत नाही.

खातं मात्र ऐसपैस आहे. वर मुंबईत अपर पोलीस महासंचालक (वाहतूक), त्यांच्या खाली विभागवार अधीक्षक, आणि तळाला रस्त्याकडेची मदत केंद्रं. 'मदत केंद्र' ही पाटी वाचून मदत मागायला स्वखुशीने थांबलेला वाहनचालक कुणाला दिसला, तर त्याचा जाहीर सत्कार व्हायला हरकत नाही. उलट वेग मोजणारी इंटरसेप्टर गाडी झाडाआड उभी दिसली, की समोरून येणारा अनोळखी माणूसही अप्पर-डिप्पर मारून सावध करतो. जात, धर्म, पक्ष यांपलीकडचा बंधुभाव या राज्यात एवढ्या एकाच ठिकाणी शिल्लक आहे.

जुलै २०२४ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा आली आणि हा बंधुभावही धोक्यात आला. कॅमेरा झाडाआड लपत नाही, 'साहेब, जरा बघा ना' हे त्याला ऐकू येत नाही आणि त्याला आमदारांचा फोनही लावता येत नाही. चलान थेट मोबाइलवर. ते बघून लोक कळवळतात, मग भरतात का? छे! लोकअदालतीची वाट बघतात. तिथे दंडात सूट मिळते म्हणे.

तोवर घाटातली वळणं आपलं काम करत असतात. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू, एवढी पात्रता असेल तरच वळणाला 'ब्लॅक स्पॉट' ही पदवी मिळते. चार अपघातांवर अडलेलं वळण नापास. तिथे रोज उभ्या राहणाऱ्या हवालदाराला ते तोंडपाठ असतं. पण कठडा बसवायचा, उतार काढायचा, हे रस्तेवाल्यांचं काम. त्याच्या साहेबांनी फार तर पत्र लिहायचं. पत्र जातं, आवक-जावक होते, कधी संयुक्त पाहणीही ठरते. एवढ्यात पहिल्या अपघाताला तीन वर्षं पूर्ण होऊन तो हिशेबातून गळतो, आणि वळणाची मोजणी पुन्हा तीनवर येते.