शिरस्तेदारांचे मशीन

ज्यांचा उभा जन्म मामलेदार कचेरीत इतरांच्या अर्जांवर शेरे मारण्यात गेला, ज्यांना पोहता येत नाही आणि मासळी पकडण्यापेक्षा ती घासाघीस करून विकत घेण्यातच ज्यांना खरा पुरुषार्थ वाटतो, असे एक तरी सेवानिवृत्त शिरस्तेदार मालवणपासून देवबागपर्यंतच्या किनाऱ्यावर, फंडाच्या पैशातून एक होडी आणि तिच्या मागे लावण्यासाठी दोन सिलिंडरांचे एक जुने मशीन खरेदी करून बसलेले हमखास आढळतात.

मशीन चालत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ते चालते, पण कचेरीतल्या कागदासारखे. चार पावले पुढे सरकायचे आणि मग कोणाच्या तरी हुकमाची वाट पाहत थांबायचे. काठाजवळ, संथ गतीत, त्याचा सूर निर्दोष लागतो. कर्लीच्या पात्राच्या मध्यावर येऊन वेग वाढवला की ते गुदमरते, खोकते आणि बंद पडते. सामान्य मनुष्य अशा वेळी वल्ही हाती घेतो. शिरस्तेदार चौकशी सुरू करतात.

ही चौकशी अत्यंत पद्धतशीर असते, हे त्यांच्या हितशत्रूंनीही कबूल केले पाहिजे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिल्यास आत निर्वात होऊन पेट्रोल पुढे सरकत नाही, म्हणून पहिली तपासणी त्याची. मग प्लग बाहेर येतात. चष्मा कपाळावर चढवून, प्लग उन्हात धरून ते त्याची जबानी घेतात: काळा व ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढराफटक असेल तर पेट्रोल अपुरे. मशीन पुन्हा सुरू झालेच तर एकेका प्लगची वायर पाळीपाळीने काढली जाते, आणि जी काढल्याने आवाजात काडीचाही फरक पडत नाही तिचा सिलिंडर कामचुकार ठरतो. (वायर काढण्याचे, आणि अर्थातच झटका खाण्याचे, काम पुतण्याकडे असते.)

या अवधीत होडी ओहोटीबरोबर संगमाकडे, म्हणजे खुल्या समुद्राकडे, वाहत असते. प्रवाशांचा धीर खचू नये म्हणून शिरस्तेदार त्यांना ओले एव्हिन्रूड या अमेरिकेत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन गृहस्थाची हकीकत सांगतात. १९०९ साली बाजारात आलेल्या त्याच्या मशीनची कल्पना, म्हणे, प्रेयसीसाठी तळ्यापलीकडून वल्हवत आणलेले आइस्क्रीम वाटेतच वितळल्यामुळे सुचली. दर गोष्टीस लेखी पुरावा मागणारे शिरस्तेदार या आख्यायिकेपुरते फार उदार होतात.

अखेरीस निदान होते, आणि नवल म्हणजे ते अचूक असते. पेट्रोलच्या नळीच्या मध्यावर असलेला रबरी फुगा हाताने दाबत राहिले की मशीन जोमाने धावते. अर्थात पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा पडदा जीर्ण झाला आहे. पडदा स्वस्त असतो आणि तो बदलणे हे अर्ध्या दुपारचे काम. परंतु नेमक्या या ठिकाणी त्यांच्यातला कचेरीचा मनुष्य जागा होतो. पडद्याचा प्रस्ताव पुढील हंगामापर्यंत तहकूब होतो आणि तोपर्यंतची तात्पुरती व्यवस्था म्हणून फुग्यावर पुतण्याची नेमणूक होते. तात्पुरत्या नेमणुका कायम कशा होतात, हे सरकारी नोकरी केलेल्यांस सांगणे नलगे.

“काका, हात दुखूक लागले,” पुतण्या कळवळून म्हणतो.

“वाईच कळ काढ,” सुकाणूवरून निकाल मिळतो.

मला तर वाटते, दुरुस्तीची त्यांना मनातून धास्तीच असावी. धडधाकट मशीन कोणाही ऐऱ्यागैऱ्याकडे असते. या मशीनची सारी दुखणी तोंडपाठ असलेला मनुष्य पंचक्रोशीत एकच, आणि पडदा बदलला की ते पद खालसा होणार.

अलीकडे पुतण्याला मुंबईत नोकरी लागल्याचे कानावर आहे. तेव्हा शिरस्तेदारांनी आग्रहाने सहलीस बोलावल्यास वाचकांनी अवश्य जावे, मात्र होडीत पुढच्या फळीवर बसावे. टाकी मागच्या फळीखाली असते.